मायकेल पोर्टिलो: एका मताने नेतेपद हुकलं, पुढे हा माणूस सावरला कसा?

माणदेशी

नमस्कार मंडळी. गेले दोनेक महिने रात्रीची जेवणं झाली की मी यूट्यूबवर ब्रिटिश रेल्वेचे एपिसोड बघत बसतो. एक साठीपुढचा माणूस कधी गुलाबी कधी पोपटी जॅकेट घालून, हातात ब्रॅडशॉचं जुनं रेल्वे गाइड घेऊन गाडीत चढतो, कुठल्याशा स्टेशनवर उतरतो, तिथल्या कामगारांशी कारागिरांशी गप्पा मारतो, स्वतः हात काळे करून घेतो आणि परत पुढच्या गाडीत. मला वाटलं असेल कुणी टीव्हीवाला. परवा नाव शोधलं, मायकेल पोर्टिलो, तर कळलं की हा ब्रिटनचा संरक्षणमंत्री होता आणि 2001 ला हुजूर पक्षाच्या नेतेपदासाठी उभा राहून एका मताने बाहेर पडला. एका मताने!

विचारायला घरचं कारण आहे. माझे चुलते आमच्याकडे पंचायत समितीचे सभापती होते, नंतर एक टर्म झेडपीला. मग तिकीट कापलं गेलं, मग तालुकाध्यक्ष व्हायचं म्हणून गावोगाव फिरले, आणि शेवटच्या बैठकीत नाव मागे पडलं. कुणी तोंडावर सांगितलंसुद्धा नाही, ग्रुपवर दुसऱ्याच्या सत्काराचा फोटो आला तेव्हा कळलं. वय अठ्ठावन्न. अजून रोज सकाळी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून ओसरीवर बसतात, फोन पुढ्यात असतो, आणि तो वाजत नाही. शेती आहे, तब्येत ठीक आहे, पैशाची अडचण नाही, पण काकी म्हणते जेवण निम्म्यावर आलंय.

म्हणून मला जाणून घ्यायचंय की हा पोर्टिलो हरल्यावर नेमकं काय काय झालं, लगेच टीव्हीवर गेला का पक्षातच घुटमळत राहिला, आणि तिकडचे लोक आता त्याच्याकडे कसं बघतात. तिकडे राहणाऱ्यांनी प्लीज सविस्तर लिहा, विकिपीडिया मी वाचलाय.

साउथगेटकर

माणदेशी, काकांचं वाचून वाईट वाटलं. मी या माणसाचा मतदार होतो म्हणून लिहितो. 1991 पासून उत्तर लंडनमध्ये आहे, तेव्हाचा आमचा मतदारसंघ एनफिल्ड साउथगेट. (इथे भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून मत देता येतं, बऱ्याच नवीन आलेल्या मुलामुलींना माहीत नसतं, नाव नोंदवा.)

हा आमच्या भागात आला तोच वाईट प्रसंगातून. ऑक्टोबर 1984 ला ब्रायटनच्या हॉटेलात आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा बॉम्ब फुटला, थॅचरबाई वाचल्या पण आमच्या मतदारसंघाचे खासदार सर अँथनी बेरी गेले, आणि डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत हा निवडून आला, वय 31. थॅचरबाईंचा अगदी लाडका. वाहतूक खातं, पोल टॅक्सच्या काळात स्थानिक स्वराज्य, मग ट्रेझरी, रोजगार, संरक्षण, भराभर जिना चढत गेला आणि पुढचा नेता हाच असं सगळे धरून चालले होते. 1995 ला पंतप्रधान जॉन मेजरने पक्षाच्या नेतेपदाचा राजीनामा देऊन पक्षातल्यांना सांगितलं की हिंमत असेल तर समोर या, तेव्हा याने अर्ज भरला नाही, पण दुसऱ्या फेरीची वेळ आली तर असावी म्हणून एका घरात प्रचारासाठी फोनच्या लाइनी टाकून ठेवल्या आणि ते बाहेर फुटलं. धड निष्ठा नाही धड बंड नाही. लोकांनी ते विसरलं नाही.

आणि मग 1 मे 1997. आधीच्या निवडणुकीत त्याला 15 हजारांवर मताधिक्य होतं, त्यामुळे ही सीट पडेल असं आमच्या गल्लीत कुणालाच वाटत नव्हतं, निवडणुकीच्या आधीच्या रविवारी ऑब्झर्व्हरमध्ये सर्व्हे आला की फरक फक्त तीन टक्के राहिलाय तरी आम्ही म्हटलं काहीतरीच. मी आणि बायको चहा करून जागत बसलो होतो. पहाटे तीनच्या सुमारास निकाल लागला, मजूर पक्षाचा स्टीफन ट्विग, तीस वर्षांचा पोरगा, त्याचा स्वतःच्याच विजयावर विश्वास बसत नव्हता हे चेहऱ्यावर दिसत होतं, आणि पोर्टिलो 1433 मतांनी पडला. इथे अजूनही म्हणतात, पोर्टिलो पडला तेव्हा तुम्ही जागे होतात का? एका माणसाचं पडणं पुऱ्या देशाची आठवण होऊन बसलं. मी ट्विगला मत दिलं होतं, मला आनंद झाला होता, लपवत नाही. पण तो मंचावर सरळ उभा राहिला, ट्विगचं नीट अभिनंदन केलं, कुणावर खापर फोडलं नाही, ते बघून बायको म्हणाली याच्या घरी आज कसं असेल हो. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा भाग. लोक थेट 2001 वर उडी मारतात पण मला मधली दोन वर्षं महत्त्वाची वाटतात. 97 ते 99 तो खासदार नव्हता, आणि त्या काळात त्याने एक काम केलं, बीबीसीच्या एका रेल्वे मालिकेसाठी स्पेनमध्ये ग्रॅनडा ते सालामांका असा प्रवास केला. त्याचे वडील लुईस पोर्टिलो सालामांकाच्या विद्यापीठात शिकवायचे, स्पेनच्या यादवी युद्धात ते रिपब्लिकच्या, म्हणजे निवडून आलेल्या सरकारच्या बाजूने आणि भाऊ बंडखोर जनरल फ्रँकोच्या बाजूने, शेवटी 1939 ला देश सोडून इंग्लंडमध्ये निर्वासित म्हणून आले. मुलगा थॅचरबाईंच्या पक्षात आणि बाप डाव्या विचारांचा निर्वासित! तर हा हरलेला मंत्री बापाच्या वाटेने गाडीत बसून गेला. रंगीत जॅकेटं फार नंतर आली, पण रेल्वेचं बी तिथलं आहे असं माझं मत.

मग 1999 ला केन्सिंग्टन अँड चेल्सीच्या पोटनिवडणुकीतून परत आला. त्याच्या आधी एका मुलाखतीत तरुणपणी आपले समलिंगी संबंध होते हे स्वतःहून सांगितलं, त्या पक्षात त्या काळी ही छोटी गोष्ट नव्हती. शॅडो चॅन्सलर, म्हणजे विरोधी पक्षाचा अर्थमंत्रीच म्हणा, झाल्यावर ज्या किमान वेतनाला मंत्री म्हणून विरोध केला होता ते मान्य केलं. 2001 ला पक्षाचा नेता विल्यम हेगने राजीनामा दिला आणि हा उभा राहिला, आघाडीवरच होता. 166 खासदारांची मतं. पहिल्या फेरीत याला 49, डंकन स्मिथ 39, केन क्लार्क 36. उरलेल्या दोघा उमेदवारांना सारखी पडली म्हणून फेरी परत घेतली, याला 50. फक्त एक वाढलं! तिथेच कळलं होतं की गाडी अडकली. 17 जुलैला खासदारांची शेवटची फेरी, यातले पहिले दोघं पक्षाच्या सभासदांच्या मतदानाला जाणार: क्लार्क 59, डंकन स्मिथ 54, पोर्टिलो 53. एका खासदाराने डंकन स्मिथऐवजी याला दिलं असतं तर हा पुढे आणि तो बाहेर.

त्यानंतर तो म्हणाला मी मागच्या बाकावर जातो, शॅडो कॅबिनेट नको. 2003 ला डंकन स्मिथला पक्षाने काढलं, परत दार उघडं होतं, याने सांगितलं मी पुढची निवडणूकच लढवणार नाही. 2005 ला संसद सोडली. मला वाटतं तो वाचला तो इथेच. हरल्यावर उंबऱ्यात उभा राहिला नाही. आपल्याकडे आणि इथेही कितीतरी जण आत जायला मिळत नाही आणि बाहेर पडवत नाही असे वीस वीस वर्षं उंबऱ्यातच उभे असतात.

रुळांवरून

साउथगेटकर काकांनी राजकारण सांगितलंच आहे, मी रेल्वेबद्दल लिहिते. आम्ही उत्तर इंग्लंडात स्किप्टनजवळ राहतो, सेटल कार्लाइल लाइन आमच्या घरची असल्यासारखी आहे. 1876 ला पॅसेंजर सुरू झाली, पेनाइन्सच्या ओसाड डोंगरांतून बहात्तर मैल जाते, मध्ये रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल. गेल्या वर्षी आईबाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले, बाबा मध्य रेल्वेतून रिटायर झालेत, पुलावर गाडी हळू झाली तेव्हा खिडकीला नाक लावून बसले होते आणि खाली उतरून दगड बघून आल्याशिवाय परत जायला तयार नव्हते.

तर ही लाइन ब्रिटिश रेलला बंदच करायची होती, 1984 पासून नोटिसा लागलेल्या. पूल दुरुस्तीला खर्च फार, गाड्या मुद्दाम कमी केलेल्या, प्रवासी नाहीत असं दाखवायचं. लोक पेटून उठले. 22 हजारांहून जास्त हरकती गेल्या, त्यात एक कुत्र्याची, रस्वार्प नाव त्याचं, पंजाचा ठसा उमटवून, आणि तो भाडं भरून प्रवास करणारा प्रवासी म्हणून ती हरकत धरली गेली! बंद करायला ज्या मॅनेजरला पाठवलं होतं त्या रॉन कॉटननेच गाड्या वाढवल्या, बंद स्टेशनं उघडली, प्रवासी वाढवून दाखवले. आणि एप्रिल 1989 ला सरकारने जाहीर केलं की लाइन राहणार. तेव्हा वाहतूक खात्याचा राज्यमंत्री होता पोर्टिलो.

तो स्वतः बऱ्याचदा सांगतो की राजकारणातलं माझं सगळ्यात मोठं काम म्हणजे ही लाइन वाचवणं. विचार करा, संरक्षणमंत्री झालेला माणूस, पण सांगताना राज्यमंत्री असतानाची एक रेल्वे लाइन सांगतो! इथल्या लोकांना ते सगळं श्रेय एकट्या त्याचं वाटत नाही आणि बरोबरच आहे, लोकांनी पाच वर्षं भांडून घेतलंय ते, पण फाइल त्याच्या टेबलावर आली तेव्हा त्याने ती बरोबर बाजूला वळवली हेही खरं.

2010 ला रेल्वेची मालिका सुरू झाली ती आजतागायत चालूच आहे, युरोप, अमेरिका, 2018 ला भारत पण केला, अमृतसरहून सिमला, म्हैसूरहून चेन्नई वगैरे. महाराष्ट्राच्या वाट्याला आलं नाही याचं बाबांना फार वाईट वाटलं, भोर घाट दाखवायला हवा होता म्हणतात, आणि मला पटतं, 1863 ला खंडाळ्याचा घाट रेल्वेने चढणं हे काय साधं काम होतं का.

जुनी_नोंद

चर्चा छान चाललीय पण एक बाजू राहतेय ती मांडते, राग मानू नका.

मी 1986 पासून इथे आहे. आम्ही पोल टॅक्स भरलाय. बंगल्यात राहणाऱ्याला आणि खोलीत राहणाऱ्याला डोईमागे सारखाच कर, आणि पोर्टिलो 1990 मध्ये त्याच खात्याचा राज्यमंत्री म्हणून त्याचं समर्थन करत होता. संरक्षणमंत्री असताना सैन्यात समलिंगी लोकांना बंदी होती ती त्याने तशीच चालू ठेवली, त्यात किती जणांच्या नोकऱ्या गेल्या, आणि तीन वर्षांनी स्वतःची गोष्ट मुलाखतीत सांगितली. त्या बंदीमुळे घरी बसलेल्यांना ती मुलाखत वाचून काय वाटलं असेल? 1995 च्या पक्षाच्या अधिवेशनात एसएएस या सैन्याच्या खास तुकडीचं ब्रीदवाक्य वापरून ते भाषण केलं, सैन्यातल्याच लोकांना ते आवडलं नाही. मंत्रिपदानंतर बीएई सिस्टीम्ससारख्या शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीच्या संचालक मंडळावर बसला. रेल्वेचं खासगीकरण झालं त्या मंत्रिमंडळात होता, आणि आज त्याच तुकडे केलेल्या रेल्वेतून फिरतो.

माझं म्हणणं हे की रंगीत जॅकेटांमुळे आता तो सगळ्यांचा गोड आजोबा झालाय, तरुण पोरांना तर तो मंत्री होता हेच माहीत नाही. माणूस बदलू शकतो हे मला मान्य आहे. 2003 ला तो चार मुलांच्या एका एकट्या आईच्या जागी आठवडाभर राहिला, तिची कामं केली, ते मी बघितलं होतं आणि तो खरोखर दमला होता, ते नाटक वाटलं नाही. पण ज्या सरकारात तो होता त्या सरकारचे मंत्री अशाच बायकांबद्दल जाहीर सभांमध्ये काय काय बोलायचे हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. सत्तेत असताना तो आठवडा कुठे होता? म्हणून माणदेशी, काकांना या माणसाची गोष्ट सांगा पण पूर्ण सांगा.

माणदेशी

जुनी_नोंद ताई, राग कसला, हेच हवं होतं, पोल टॅक्सचं मी नुसतं नाव वाचलं होतं, डोईमागे सारखा म्हणजे काय ते आत्ता कळलं.

एक शंका. त्याला शिक्षण होतं, केंब्रिज, इंग्रजी, ओळखी, टीव्हीवाले दारात. आमच्या काकांकडे यातलं काय आहे? दहावी झालेत. मग त्याची गोष्ट सांगून उपयोग काय, उलट आणखी खचतील का?

साउथगेटकर

जुनी_नोंद ताईंचं बरोबर आहे. मी 97 ला त्याच्या विरोधात मत दिलं ते याच कारणांसाठी आणि आजही तसंच देईन. जे बिघडवलं ते बिघडवलंच.

माणदेशी, तुमची शंकाही बरोबर आहे. ओळखींचा फायदा झालाच. पण ओळखी असलेले शेकडो माजी मंत्री इथे आहेत, त्यातले बहुतेक कुठल्यातरी कंपनीच्या बोर्डावर नाहीतर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, जाऊन बसतात आणि जुन्या भांडणांवर लिहीत राहतात. यानेही बोर्ड केलं ते ताईंनी सांगितलंच. पण बाकी जे धरलं त्यात तो दुसऱ्याला प्रश्न विचारणारा झाला. रात्रीच्या धिस वीक कार्यक्रमात वर्षानुवर्षं सोफ्यावर शेजारी कोण, तर मजूर पक्षाची डायन अ‍ॅबट, दोघं शाळेच्या वयापासून एकमेकांना ओळखणारे आणि राजकारणात दोन टोकांचे, आणि हा तिचं ऐकायचा. 2008 ला कादंबऱ्यांच्या बुकर पुरस्काराच्या परीक्षक मंडळाचा अध्यक्ष होता, त्या वर्षी बक्षीस मिळालं मुंबईत राहणाऱ्या अरविंद अडिगांना. म्हणजे शंभरावर कादंबऱ्या बसून वाचायच्या, त्यात स्वतःबद्दल एक ओळ नाही. रेल्वेतही बघा, तो बोलतो कमी, समोरचा सुताराचं नाहीतर मिठाचं सांगत असतो आणि हा ऐकत असतो.

वीस वर्षं लोक आपल्याकडे काम घेऊन येतात, आपण बोलतो ते ऐकतात, सही मागतात. ते थांबलं की माणसाला वाटतं आपण संपलो. काकांना केंब्रिज लागत नाही हो. फोन त्यांच्याकडे येत नाही ना, मग त्यांना कुणाकडे तरी जाऊन विचारू दे, काय चाललंय तुझं.

रुळांवरून

आणि त्यांची सेटल कार्लाइल कुठली ते विचारा की. झेडपीत होते म्हणजे काहीतरी वाचवलं असेल, बांधलं असेल, कुणाची तरी फाइल सरकवली असेल. त्याबद्दल त्यांच्याशी शेवटचं कोण बोललंय?

माणदेशी

उशिरा लिहितोय, आठवडा गेला मध्ये.

रुळांवरून ताईंचा प्रश्न वाचला आणि त्याच रात्री काकांना फोन केला. आधी पोर्टिलोचं सांगितलं, 53 आणि 54. गप्प राहिले. मग म्हणाले, मला किती पडली होती तेसुद्धा कुणी सांगितलं नाही रे. हे ते पहिल्यांदा बोलले, कुणाशीही. मी काहीच बोललो नाही, बोलू दिलं.

मग विचारलं, काका तुम्ही सभापती असताना केलेलं कुठलं काम तुम्हाला आठवतं. मला वाटलं रस्ता सांगतील, नाहीतर शाळा. तर म्हणाले वड्याच्या मळ्याखालचा कोल्हापुरी बंधारा. तो मंजूर होता दुसऱ्याच गावाला, तिथे जागेवरून भांडण झालं आणि पैसे परत जाणार होते, मार्च एंडला चार दिवस राहिले होते, काकांनी रात्रीत दोन गावांची माणसं एकत्र बसवून जागा बदलून घेतली. चाळीस मिनिटं बोलत होते. कुठल्या शेतकऱ्याने आधी शिव्या दिल्या आणि मग स्वतःचा बैल आणून दिला इथपर्यंत सगळं आठवतंय. बोलता बोलता म्हणाले, पण गेली तीन वर्षं पावसाळ्यानंतर बर्गेच (पाणी अडवायच्या फळ्या) टाकलेले नाहीत, निम्मे चोरीला गेलेत, पाणी सगळं वाहून जातंय. मी म्हटलं मग? म्हणाले मग काय, मी आता कोण.

काल काकीचा फोन आला. सकाळी पांढरे कपडे न घालता जुनी पँट घालून मोटरसायकलवर बंधाऱ्याकडे गेले होते, दुपारी दोनला आले, पाय चिखलाने भरलेले, आल्या आल्या भाकरी मागितली. आता रविवारी मला बोलावलंय, बर्गे किती राहिलेत ते मोजायचेत आणि फोटो काढायचेत, आणि दोन्ही गावच्या सरपंचांना तिथेच बोलावलंय. जुनी_नोंद ताई, पोल टॅक्सचं पण सांगणार आहे, बंधाऱ्यावर बसून. मोजून झालं की इथे लिहितो.